बुरखा दिसला की शमीम रडायची

"बुद्धीची वाढ खुंटलीय. मेंटल डेफिशियन्सी म्हणतात याला," डॉक्टर म्हणाले. माझ्या धाकट्या बहिणीला, शमीमला, पुण्याकडच्या मोठ्या इस्पितळात कायमचं ठेवा, असंही त्यांनी सांगितलं.

अम्मी ताडकन बोलली, "लेकरू हाय साहेब, सामान न्हाय कुठंबी ठेवायला."

माणूस भला होता. म्हणाले, "पुढच्या महिन्यात परत आणा, मग ठरवू."

निजामाचं संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमचं धाराशिव तेव्हा उस्मानाबाद होतं. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हा शब्द तेव्हा आमच्याकडं कुणी ऐकलाच नव्हता.

शमीम पाच वर्षांची. बोलायची नाही, हाकेला वळायची नाही. बाहेर न्यायचं म्हटलं की लोळण घ्यायची. लोक म्हणत, बाहेरचा असर झालाय. अब्बांनी दर्ग्यातून तावीज आणला. तो बिचारा गळ्यात लोंबत राहिला, रडणं काही थांबेना.

कारण अम्मीला सापडलं. ती बाहेर पडताना बुरखा घाली, आणि शमीमला दवाखान्यात सुई टोचायला नेतानाही तोच घाली. आम्ही तोंडानं कितीही म्हणू, "नानीकडं चल". तिला दिसायचा बुरखा. बुरखा म्हणजे सुई. तिचं काय चुकलं?

मग अम्मीनं बोलणंच कमी केलं. नानीकडं जायचं असलं की ती शमीमच्या हातात नानीचा जुना पानाचा बटवा द्यायची. दवाखान्यात जायचं असलं की औषधाची रिकामी बाटली. फसवून मात्र कधी दिलं नाही. बाटली बघून शमीम रडायची, पण चालायची. बटवा मिळाला की आमच्या पुढं पळायची. 

तुमच्या घरात असं लेकरू असेल आणि सांगून सांगून थकला असाल, तर एकदा दाखवून बघा.

महिन्यानं परत गेलो. तपासणी झाल्यावर अम्मी मुद्दाम नुसतं म्हणाली, "चल बेटी, घरी." शमीम ढिम्म. मग अम्मीनं घराची किल्ली पुढं धरली. शमीमनं ती घेतली, अम्मीचं बोट धरलं आणि दाराकडं निघाली. आपण होऊन तिनं तोवर कुणाचंच बोट धरलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "बाई, हिला घर कळतंय. कुठंही पाठवू नका."

त्या माणसाचे उपकार फिटायचे नाहीत. शमीम बोलली कधीच नाही, पण जन्मभर घरातच राहिली, अम्मीच्या शेजारी.