हरकतीचा अर्ज माझ्या कपाटात

रापणीवाल्यांचा हरकतीचा अर्ज मी मुदतीत दिला नाही. लिहिला मीच होता, सह्या आणि अंगठे दारोदार फिरून मीच गोळा केले होते, आणि मुदत संपली त्या संध्याकाळी तो माझ्या घरच्या कपाटात, बायकोच्या ठेवणीतल्या साड्यांखाली, अगदी सुरक्षित होता. हरवला असता तर निदान सांगायला काहीतरी झालं असतं.

मी निवृत्त मास्तर. अक्षर बरं आहे, हा माझा गावातला एकमेव लौकिक. त्यामुळे लग्नपत्रिकेपासून वीज मंडळाच्या तक्रारीपर्यंत सगळं माझ्याकडे येतं, आणि दर निवडणुकीला भाषणंही येतात. सगळ्या पक्षांची. एका निवडणुकीत समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांची भाषणं मी एकाच आठवड्यात लिहिली होती. दोघांनाही ‘समुद्र आमची आई आहे’ हे वाक्य दिलं. दोघांनाही टाळ्या पडल्या. तेव्हा मला त्याची गंमत वाटली होती. आता गंमत वाटण्याइतका उत्साह राहिलेला नाही.

तर अर्ज. नगरपालिकेच्या फळ्यावर सूचना लागली होती, की किनाऱ्याच्या मधल्या पट्ट्यात पर्यटकांसाठी स्टॉल आणि पाण्यातल्या खेळांसाठी तरंगती जेटी होणार, कुणाची हरकत असल्यास महिन्याच्या आत लेखी द्यावी. तो मधला पट्टा म्हणजे रापणीची जागा. होडीतून अर्धगोल जाळं टाकायचं, त्याच्या दोन टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आणायच्या आणि चाळीसेक माणसांनी वाळूत पाय रोवून ते सगळं ओढून आणायचं, ही रापण. तिला मोकळी वाळू लागते. मध्ये एक खांब आला तरी दोरी अडते.

या रापणीचा म्होरक्या माझा लहानपणचा मित्र. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. मग तो बापाबरोबर होडीवर गेला आणि मी मास्तर झालो. ख्रिश्चन घर. नाताळात त्यांच्याकडून दोदोल येतो, चतुर्थीला आमच्याकडून मोदक जातात. अर्ज लिहून, बाकीच्यांच्या सह्या गोळा करून झाल्यावर त्याने तो दोन्ही हातांनी धरून वाचला, खाली सही केली आणि म्हणाला, “कधी देवया?”

“उद्या,” मी म्हटलं.

त्याच दुपारी माझा एक जुना विद्यार्थी घरापुढच्या खळ्यात येऊन बसला. पक्षात बरीच वर्षं सतरंज्या उचलून आता त्याला नगरपालिकेचं तिकीट हवं होतं. शाळेत पाठांतर उत्तम, अर्थ विचारला की गप्प. मला तेव्हाच ओळखायला हवं होतं.

“गुरुजी, अर्ज आत्ता नको,” तो म्हणाला. “तिकिटाचं चाललंय. वर कळलं की माझ्याच वाडीतून हरकत गेली, तर म्हणतील, याला स्वतःची माणसं सांभाळता येत नाहीत. एकदा तिकीट होऊ दे. मग आत बसून आराखडाच बदलतो. कागदानं काय होतंय?”

आयुष्यभर कागदावर जगलेल्या माणसाला हे पटायला नको होतं. मला पटलं. कारण पुढच्याच वाक्यात तो म्हणाला होता, “आणि भाषण तुम्हीच लिहायचं.”

मित्राला मी सांगितलं, “थांब जरा. तो आमचोच आसा. फिरूचो नाय.”

“कशावरना?”

“भाषण मी लिवतंय.”

तो म्हणाला, “बरा. तू सांगतंस तर ऱ्हवतंय.”

तिकिटाचा निकाल आमच्याकडे वरचेच लावतात, पण यावेळी घाटावरून निरीक्षक आले होते. त्यांनी मंगल कार्यालयात कार्यकर्त्यांना आणि समर्थकांना जमवलं आणि दोन इच्छुकांना बोलायला लावलं. दुसरा इच्छुक हॉटेलवाला होता. माझ्या विद्यार्थ्याने माझं भाषण न अडखळता म्हटलं. “या वाळूत एक खुंटी ठोकायची असेल, तर ती आधी माझ्या छातीत ठोका.” हे वाक्य मला पहाटे सुचलं होतं आणि मी ते बायकोला झोपेतून उठवून ऐकवलं होतं. ती म्हणाली होती, “कोणाच्या छातीत?” आणि कूस बदलली होती. मंगल कार्यालयात मात्र रापणीवाले उभे राहिले. हात वर करा म्हटल्यावर खाऱ्या पाण्याने भेगाळलेले सगळे हात एकदम वर गेले. माझा मित्र तर दोन्ही हात वर करून उभा होता. निरीक्षक म्हणाले, एकच मोजणार.

तिकीट झालं. मग मी माझी हुशारी केली.

तिकीट मिळालं म्हणून देवळात गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवापुढे सगळ्यांनी मिळून मागणं मागायचं ठरलं होतं. मी आधीच गाऱ्हाणं म्हणणाऱ्या मानकऱ्यांना गाठलं आणि सांगितलं की वाळूचा शब्द गाऱ्हाण्यात घाला. माझा हिशेब असा, की माणूस सभेत बोललेलं विसरतो, पण ग्रामदेवतेपुढे बोललेलं गाव विसरू देत नाही. मानकऱ्यांनी नारळावर हात ठेवला आणि सुरू केलं: “बा देवा म्हाराजा, आज तुझो लेकरू तुझ्या दारात उभो आसा...”

“व्हय म्हाराजा,” सगळे.

“रापणीची वाळू तशीच राखूचो शबुद तेणा दिल्यान आसा, तो तेच्याकडना पुरो करून घे...”

“व्हय म्हाराजा.”

मित्र बाहेर दीपमाळेपाशी टोपी हातात घेऊन उभा होता. मी बाहेर येऊन त्याला म्हटलं, “झाला. आता देवानच तेका बांधल्यान.”

“आणि अर्ज?”

“आता कित्याक होयो अर्ज?”

तीन दिवसांनी मुदत संपली.

त्यानंतरच्या रविवारी उमेदवार पुन्हा आमच्या खळ्यात आला. बायकोने कोकम सरबत दिलं. ते त्याने पूर्ण प्यायलं, पेला उपडा ठेवला आणि म्हणाला, “गुरुजी, भाषण आता जरा रुंद करूया.”

“रुंद म्हणजे?”

“तेव्हा आपले लोक होते. आता सगळे लोक आहेत. होमस्टेवाले आहेत, बोटवाले आहेत. तो हॉटेलवाला रुसून बसलाय, त्याची सगळी मतं तिकडे जातील. रापण आपलीच आहे, ती कुठे जाते?”

“आणि खुंटी?”

“ते वाक्य चांगलं आहे, ते असू दे. फक्त तात्पुरते स्टॉल म्हणजे काही खुंटी नव्हे, एवढं पुढे जोडा. आणि जेटी तरंगतीच आहे. ती कुठे ठोकतात?”

तो खोटं बोलतोय असं त्याच्या तोंडावर कुठेच दिसत नव्हतं. तेव्हा ते खरं होतं, आता हे खरं आहे, इतकं सोपं. इतकी वर्षं मी हेच बघत आलो. तिकिटापर्यंतचा माणूस वेगळा आणि तिकिटानंतरचा वेगळा, आणि दोघंही आपल्याला वाकून नमस्कार करतात. त्याला खळ्यातून उठवायला हवं होतं. निदान तो कपाटातला कागद आणून त्याच्यापुढे ठेवायला हवा होता.

मी विचारलं, “किती मिनिटांचं हवंय?”

हे का विचारलं? थकवा म्हणा. तीस वर्षांची सवय म्हणा. आणि खरं सांगायचं तर, एवढ्या लोकांत तो माझ्याकडेच आला, याचं थोडं सुखही म्हणा.

प्रचाराचा नारळ त्याच देवळात फुटला. तेच मानकरी, तोच आवाज. “गावात चार पाहुणे येंवदे, पोरांच्या हाताक काम मिळांदे, किनाऱ्यार नवी शोभा येंवदे, आणि जो कोण आडवो येयत तेका सरळ बुद्धी दे...”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. मीही म्हणालो. तोंडाला वळणच पडलंय. मानकरी थांबले की ते आपोआप उघडतं. म्हणून झाल्यावर लक्षात आलं की आडवे येणारे म्हणजे रापणीवाले.

मी मानकऱ्यांना बाजूला घेतलं. “गेल्या फेरेक वाळू राखूक सांगितलास, आणि आता ह्या?”

“मास्तर,” ते शांतपणे म्हणाले, “माका जा सांगतत ता मी देवाक सांगतंय. गेल्या फेरेक तुमी सांगलास, ह्या फेरेक तेनी सांगल्यान.”

मित्र याही वेळी दीपमाळेपाशी होता. माझा ‘व्हय म्हाराजा’ त्याने ऐकला होता. मी जवळ जाऊन म्हटलं, “आयक रे, तो देवासमोर बोललो हुतो मा. माका काय म्हायत...”

“तुझ्या देवाक मी इचारूक नाय,” तो म्हणाला. “मी तुका इचारलंय.”

टोपी घालून तो निघून गेला. त्या दिवसापासून मी किनाऱ्यावर जाणं सोडलं.

माझा विद्यार्थी निवडून आला. सत्काराच्या सभेत त्याने माझं नाव घेतलं आणि मला शाल मिळाली. पाऊस सरल्यावर मधल्या पट्ट्यात निळे खांब उभे राहिले, त्यांवर पत्रे चढले, आणि पाण्यात तरंगायची जाकिटं घातलेले पर्यटक रांगेत उभे राहू लागले. त्यांचा काही दोष नाही. रापण खाडीच्या तोंडाकडे सरकली. तिथे पाण्याखाली खडप आहे, जाळं फाटतं. रापणीतली काही माणसं आता जाकिटांचे पट्टे बांधायच्या कामाला लागलीत, असं बायको बाजारातून ऐकून आली. तो कपाटातला कागदही तिलाच सापडला. “ह्यो माझ्या साडयेंखाली कित्याक?” तिने विचारलं. तिने वाचला, पुन्हा घडी घातली आणि माझ्या पुस्तकांवर ठेवून दिला.

गेल्या आठवड्यात सकाळी मी खाडीकडे गेलो. रापण ओढणं चाललं होतं. आमच्याकडे रीत अशी की जो दोरीला हात लावील त्याला वाटा मिळतो. मग तो कुणी का असेना, वाटेने जाणारा का असेना. मी चपला काढल्या आणि शेवटच्या माणसामागे दोरी धरली. तासाभराने जाळं आलं. त्यात दोन हात लांबीचं भगदाड होतं आणि टोपलीभर बांगडे. मित्राने वाटे घातले. माझाही घातला, सात बांगडे, इतरांइतकेच. पिशवी माझ्यापुढे धरली.

मी धीर करून म्हटलं, “आयक. मी एक नवो अर्ज लिवतंय. जिल्ह्याक देवया. यंदा मी सोता घेवन जातंय.”

तो फाटलेलं जाळं गोळा करत होता. वर न बघताच म्हणाला, “बांगडे घेवन घराक जा, मास्तर. आमच्यासाठी आता कायेक लिवू नको.”