धुराड्यावरचं मडकं

“मिस्त्री, पेटवा!” दादांनी हुकूम सोडला. बैठकीत त्यांच्या मुलीला, सुमनला, बघायला आलेली डोंबिवलीची मंडळी. मी काडी ओढली.

मी तिसरी शिकलेला. काम पाइप, बंब, स्टो दुरुस्तीचं. दादा माजिवड्याचे, मिठागरवाले. एका इंग्रजाचा बंगला त्यांनी घेतलेला. त्यात फायरप्लेस, म्हणजे भिंतीतली शेकायची चूल, वर धुराडं. त्या चुलीत बसवायची गॅसची लोखंडी पेटी दादांनी मुंबईच्या लिलावात उचलली. पितळी जाळी बघितली आणि भुलले. बैल घेताना दात बघणारा माणूस!

“ही पाइपच्या गॅसची,” मी म्हटलं. “सिलिंडरला जोर जास्त. गॅस सुटतो ती तोटी, जेट, बारीक भोकाची लागते, नाहीतर भडका. आणि माजिवड्यात थंडी कुठंय, दादा? एक गोधडी पुरते.”

“थंडी नसू दे. शिकलेली माणसं येणार, त्यांना दिसलं पाहिजे.”

मी जेट बदलला. पाऊस आत येऊ नये म्हणून धुराड्यावर मडकं पालथं घातलेलं, ते काढलं. सगळ्यांना बजावलं, जळकी हवा वर गेली नाही तर खोलीत साठते. आधी डोकं धरते, मग जीव घेते. मडकं परत ठेवू नका, एक खिडकी उघडी ठेवा. दादांच्या आईनं मान हलवली.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “मान हलवली म्हणजे ऐकलं असं नाही. तुम्हीपण हलवता.” तिला जाऊन आता वर्ष होईल. मान हलवायला कारणच उरलं नाही.

तर, पेटी पेटली. निळी ज्योत. पाहुणे “वा” म्हणाले. थोड्या वेळानं ज्योत पिवळी पडली, लांबली. मुलाच्या आईनं कपाळ दाबलं. खिडक्या बघितल्या तर सगळ्या बंद.

“आजी, मडकं?”

“मीच ठेवाया लावलाय. सकाली कालीख परली नव्या चादरीवर. पावन्यांनी कालं धोतर नेसून जावाचं काय?”

मी सिलिंडर बंद केला. “खिडक्या उघडा! सगळे बाहेर!”

कोणी हललं नाही. पोहे यायच्या आधी पाहुणे उठले म्हणजे नकार.

“बसा, बसा,” दादा हात जोडून म्हणाले. “मिस्त्री, गप! गावात तोंड दाखवू दे मला.”

तेवढ्यात सुमन पोहे घेऊन आली. सासूबाई होणाऱ्या बाई पांढऱ्याफटक. तिनं ताट खाली ठेवलं, बाईंचं मनगट पकडलं आणि ओढलंच. “आई, चला. लाज नंतर.” बाकीचे मागून धावले.

अंगणात बाईंना ओकारी झाली, मग बरं वाटलं. दादा पायरीवर डोकं धरून बसले. “मोडलं लग्न.”

बाईंनी चूळ भरली. मनगट चोळलं. “पोरगी हाताची घट्ट आहे. मला पसंत.”

“अगं, मुलाला तरी विचार,” त्यांचे यजमान म्हणाले.

“त्याला काय विचारायचं? आहे कुठं तो?”

तो आत पोहे खात होता. मी कॉलर धरून बाहेर आणला. लग्न झालं.

म्हणून सांगतो, गॅसची वस्तू घेताना जाळी बघू नका. कुठल्या गॅसची आहे ते विचारा. जळकी हवा कुठून जाणार ते वर चढून बघा. पेटवायच्या दिवशी परत चढा. घरात म्हातारं माणूस असेल, तर काडी ओढण्याआधी अजून एकदा.