तीन बोटं आणि एक पेर

मलकापूर स्टेशनबाहेरच्या लिंबाखाली सोजराबाई बारा वर्षं भाजी विकायला बसली, पण तिच्याबद्दल बरं बोलणारा माणूस स्टेशनच्या परिसरात सापडत नाही. ती वजनात मारत नसे आणि भावही सोडत नसे. गिऱ्हाइकाने वांगं दोनदा उलटंपालटं केलं की ते त्याच्या हातातून काढून घेई. शेजारी बसणाऱ्या सुभद्राबाईची टोपली वीतभर सरकली, तर सोजराबाई ती पायाने मागे लोटायची. लिंबाची सावली कुणाच्या हद्दीत पडते, हे भांडण दोघी रोज सकाळी नव्याने काढत.

१९६६ साली या बाईने जमीन घ्यायचं ठरवलं. तिला शेत नको होतं. सडकेकाठचा एक तुकडा घ्यायचा, त्यावर तीन खोल्या बांधायच्या आणि भाड्याने द्यायच्या, असा तिचा बेत होता. नवरा कडूबा मालधक्क्यावर हमाली करायचा. त्याला हे पटलं नाही.

"वावर घेतलं तं पिकते. खोली पिकते का?"

"तुह्यासारखे जलमभर भाड्यानं राह्यणारे हायेत, तवर पिकते," ती म्हणाली. तिने गळ्यातली पोत मोडली, गाय विकली. पदरचे धरून साडेतेराशे रुपये झाले. त्यावर एक पैसा जास्त नव्हता.

मलकापुरातल्या जमिनीच्या बातम्या तेव्हा दोन वाटांनी फिरत. एक वाट स्टेशनसमोरच्या हॉटेलच्या बाकावरून जाई. तिथे उकंडराव आणि त्याचे चार दलाल बसायचे. कोण विकतो, कोण अडलाय, कुणाच्या भावांत फूट पडली, हे त्या बाकावर आधी कळायचं. दुसरी वाट घरांच्या मागच्या दारांनी जात होती, आणि दुपारी टोपली डोक्यावर घेऊन सोजराबाई तिथूनच फिरायची. मोजणीदाराची बायको सत्यभामाबाई एका दुपारी कुरकुरली, "आमचे हे चार रोज बुलढाणा रोडवर उन्हात साखळी वढून राह्यले. आडतीचं नवं आवार होनार म्हंते तिथं." त्या दिवशी सोजराबाईने कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. सत्यभामाबाईला त्याचं इतकं नवल वाटलं, की तिने ते नवऱ्याला सांगितलं.

त्या आवाराला लागून दहा गुंठे जमीन होती. बैलगाडीची चाकं बनवणारा रहेमतुल्ला ती आपली म्हणून सांगायचा. पटवाऱ्याच्या कागदावर मात्र त्याच्या बायकोचं, अमीनाचं नाव होतं. निकाहाच्या वेळी नवऱ्याकडून तिला ती मेहर म्हणून मिळाली होती. सोजराबाईला हे ठाऊक होतं, कारण नवऱ्यावर चिडली की अमीना भाजीवालीसमोर हेच बोलून दाखवायची.

तरी सोजराबाई आधी रीतीने बाकापाशी गेली. रोहिणी नक्षत्राच्या आधीचा शनिवार होता. तिने उकंडरावला विचारलं, "बुलढाणा रोडची जागा इकाची हाये का?"

"मेथीची जुडी नोहे ते, बाई," उकंडराव म्हणाला. "तुले काऊन पाह्यजे?"

"पैसा देतो मी. काऊन ते मी पाहीन."

मलकापुरात कापसाचा मोठा सौदा तोंडाने होत नसे. दोघांचे हात एका रुमालाखाली जात आणि बोटांवर भाव ठरे. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही आकडा कळत नसे. बाकावरच्या दलालांनी जमिनीलाही तीच पद्धत लावली होती. वरचा हजार गृहीत धरायचा, एक बोट धरलं की शंभर, पेर दाबलं की त्याचे निम्मे. शेजारच्या मालकाला भाव कळला नाही, की त्याची जमीन त्याहून स्वस्तात काढता यायची.

उकंडरावने खांद्यावरचा रुमाल काढून स्वतःच्या हातावर पसरला आणि तिच्यापुढे धरला. "धंदा करतं ना? घाल हात."

बाक हसला. एकाने पान थुंकून म्हटलं, "घाल ना बे सोजरे, लाजतं काऊन?"

"तुमच्या घरच्या बायाईले सांगा घालाले," सोजराबाई म्हणाली. "त्याईले तरी समजू द्या किती बोटं हायेत तुमच्यापाशी."

हसणं थांबलं. उकंडरावने रुमाल झटकला. "ते जागा गेली. रहेमतुल्लाचा हात माह्या हातात झाला काल. बिस्तरवारी रजिस्ट्री."

"जागा अमीनाबीची हाये."

"तं मंग? अंगठा तं घरचाच हाये," उकंडराव म्हणाला.

सोमवारी दुपारी सोजराबाई रहेमतुल्लाच्या मागच्या दाराशी पोचली, तेव्हा पुढच्या ओसरीवर तो आणि उकंडराव चहा पीत बसले होते. मध्ये एक गोणपाटाचा पडदा होता. इकडे बोललेलं तिकडे ऐकू जात होतं.

अमीना टोपलीपाशी बसली. सोजराबाईने आवाज खाली आणून विचारलं, "कितीले देली?"

अमीनाने ओसरीकडे हनुवटी केली आणि दोन बोटं दाखवली. बाराशे. मग तोंड वाकडं केलं. त्यातला एक रुपया तिच्या हातात पडणार नाही, हे सोजराबाईला त्या तोंडावरून कळलं. अमीनाचा बाप रोहिणखेडचा बैलांचा व्यापारी होता, आणि बैलांचा सौदाही कापडाखालीच होई. तिने ओढणीचं टोक हातावर टाकलं आणि हात पुढे केला.

"वांगे सडेले हाय तुमचे," ती मोठ्याने म्हणाली.

"डोळे सडले असन," सोजराबाईही मोठ्याने म्हणाली आणि ओढणीखाली हात घातला. "तीन रोज झाले नाही तोडून."

ओढणीखाली तिने अमीनाची दोन बोटं धरली. अमीनाने हिसका देऊन ती सोडवली.

"पाहून घ्या, हे कीडा. लोकायले कीडा खिलवता तुमी."

"कीडा गोड वांग्यालेच लागते."

सोजराबाईने तीन बोटं धरली. अमीनाचा हात दगडासारखा थंड राहिला. ओसरीवर उकंडराव आवाराच्या फाटकाबद्दल काही सांगत होता. सोजराबाईने तीन बोटं तशीच धरून मधल्या बोटाचं पेर दाबलं. साडेतेराशे. तिच्याकडे होतं ते सगळं. ही बोटं तिला कडूबाने शिकवली होती. व्यापाऱ्यांचा कापूस उचलता उचलता हमालांना त्यांची बोटं पाठ झाली होती.

अमीनाने तिचा पंजा घट्ट दाबला. सौदा झाला.

"चौदा," ती कुजबुजली. "बुधवारी. भाऊ येईन माझा."

"साडेतेरा," सोजराबाई म्हणाली.

"पेर दाबलं ना तुमी?"

"पेर म्हंजे अर्दं."

"ते हमालायचं. आमच्या बैलबाजारात पेर म्हंजे और एक बोट."

"खोटी हायेस तू."

"तो जाव."

तेवढ्यात ओसरीवरून रहेमतुल्लाने विचारलं, "कित्त्याची झाली गे भाजी?"

अमीना सोजराबाईकडे बघत मोठ्याने म्हणाली, "चौदा आने!"

"महाग पडली, भाबी," पडद्यापलीकडून उकंडराव म्हणाला.

सोजराबाई किमतीवर भांडली असती, तर सौदा पडद्यापलीकडे गेला असता. तिने टोपली उचलली.

पन्नास रुपये कमी होते आणि हातात एक दिवस होता. मंगळवारी सकाळी तिने पहिल्यांदाच सुभद्राबाईची टोपली पायाने लोटली नाही. "हे माह्यी जागा पन्नासले घेतं का?" तिने विचारलं.

"सरकारचा लिंब हाये तो."

"सावली माह्यी हाये. बारा वर्स झाले. मी उठली तं तू बसशीन, नाई तं मी दुसरीले बसवतो."

सुभद्राबाई तीस म्हणाली, चाळीस म्हणाली, शिव्या दिल्या, आणि संध्याकाळी पन्नास आणून दिले. देताना म्हणाली, "आता उन्हात मर." हा सौदा उघड्यावर झाला आणि स्टेशनबाहेरच्या सगळ्यांनी ऐकला.

बुधवारी रोहिणखेडहून अमीनाचा भाऊ गफ्फार बैलांची दमणी घेऊन आला. बहिणीला घरी नेतो, रजिस्ट्रीच्या वेळी ऑफिसात आणून सोडतो, असं त्याने रहेमतुल्लाला सांगितलं. जाता जाता दमणी रजिस्ट्री ऑफिसपाशी थांबली. गफ्फारने ओळख दिली, अमीनाने अंगठा दिला, सोजराबाईने चौदाशे मोजले. दमणी रोहिणखेडला निघून गेली.

गुरुवारी, ठरलेल्या बिस्तरवारी, अकरा वाजता उकंडराव स्टँपचा कागद घेऊन ऑफिसच्या पायरीवर उभा होता. रहेमतुल्ला एकटाच आला. आत कारकुनाने वही उघडून दाखवल्यावर उकंडराव तिथून तडक लिंबाखाली गेला. तिथे सुभद्राबाई बसली होती. तिने बुलढाणा रोडकडे बोट केलं.

सोजराबाई आपल्या दहा गुंठ्यांवर उन्हात टोपली मांडून बसली होती. शेजारच्या जमिनींचे मालक जमले होते, कारण भाजीवाली इथे का बसली हे त्यांना कळेना.

"सौदा झाला होता माह्या," उकंडराव म्हणाला. "रुमालाखाली शब्द झाला."

"हात कोणाचा होता?"

"रहेमतुल्लाचा."

"मंग त्याचा हात घेऊन जाय घरी."

मागून बाकावरचे तिघं आले. उकंडराव दलाल होता. राग धंद्याच्या पुढे जाऊ देणं त्याला परवडणारं नव्हतं. आवाराशेजारच्या जागेला गिऱ्हाईक त्याच्याकडे तयार होतं. त्याने खांद्यावरचा रुमाल काढला आणि शनिवारसारखाच तिच्यापुढे धरला. या वेळी कुणी हसलं नाही. "सांग, काय घेतं?"

"तोंडानं बोल, उकंडराव."

त्याने शेजारच्या मालकांकडे पाहिलं. त्यातल्या चौघांशी त्याचं नऊशेवर चाललं होतं. "तोंडानं नाई बोलत कोणी," तो हळू म्हणाला.

"मी बोलतो." सोजराबाई उठून उभी राहिली आणि लिंबाखालच्या गिऱ्हाइकांना हाक मारायची त्याच आवाजात ओरडली, "चौदाशेले घेतली मी हे जागा! आडतीचं फाटक इथंच होऊन राह्यलं! याच्या रुमालात किती हाये, इचारा त्याले!"

ती चारही बोलणी त्या आठवड्यात मोडली. बाकावरच्यांनी गवंड्यांना दम दिला, म्हणून तिच्या खोल्या दीड वर्ष रखडल्या. तोवर भाजीतून विटा-चुन्याचे पैसे साठले, आणि शेवटी ते काम नांदुऱ्याच्या गवंड्याने केलं. खोल्या उभ्या राहिल्या आणि तिन्ही भाड्याने गेल्या. भाडं ती दारात उभी राहून, गल्लीला ऐकू जाईल असं सांगते.

अमीना पंधरा दिवसांनी रोहिणखेडहून परतली. पैसे भावाकडेच राहिले. तिने सोजराबाईकडून पुन्हा भाजी घेतली नाही आणि सोजराबाईनेही तिच्या दारावरून टोपली नेली नाही. पेर म्हणजे किती, यावर दोघी अजून आपापल्या जागी ठाम आहेत. सोजराबाईचा हिशोब पक्का आहे. उकंडराव तिला बुडवू शकला नाही. आयुष्यात तिला एकदाच कुणी बुडवलं, तेही वांगी घेता घेता.