चिंचेने घासलेली रायफल

खंडेनवमीला शस्त्र लख्ख हवं म्हणून, पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी माझ्या जुन्या लष्करी रायफलची नळी चिंचेने घासघासून समईसारखी चमकवली. मूळचा करडा थर पार निघून गेला.

इथे अमेरिकेत, आमच्या प्लेनो शहरात बंदुका दुरुस्त करणाऱ्याने विचारलं, काळीनिळी चकचकीत करू, की होती तशी करडी?

“चकचकीतच कर यार,” नवरा म्हणाला, “भिंतीवर शोभेल.”

मी करडीच करायला सांगितली. रायफल माझी होती, आणि भिंतीसाठी ती घडवलेलीच नव्हती. नळीवर ऊन चमकलं की शिपाई शत्रूला दिसतो.

घरी सासूबाईंनी नाक मुरडलं. “अगं, असली मळकी वस्तू पूजेत मांडायची?”

“मळकीच मांडायची, आई. हळदकुंकू खुशाल वाहा. चिंच मात्र आमटीतच घाला.”