आधी वाचा म्हणणारे लिनक्सतात्या

प्रत्येक संकट आपलं उत्तर बरोबर घेऊनच येतं, असा लिनक्सतात्यांचा सिद्धान्त होता. ते उत्तर स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत उमटतं आणि आपण ते न वाचताच कपाळाला हात लावतो, एवढीच मानवजातीची शोकांतिका. सिद्धान्त थोर होता. फक्त तो सिद्ध व्हायला आधी तात्यांचा चष्मा सापडावा लागे.

तात्या लोणी देवकरच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर बावड्याच्या घरी त्यांनी जुन्या संगणकावर विंडोज काढून फुकटातलं लिनक्स बसवलं आणि हळूहळू इंदापूरपर्यंतच्या अशा संगणकांचे वैद्य झाले. माझ्याकडेही त्यांनीच ते बसवलं. प्रिंटर रुसला, आवाज गेला, की मी फोन करायचो.

"गुरुजी, काय लिहिलंय त्यावर?"

"इंग्रजीत काहीतरी लांबलचक आहे."

"मग वाचा की. आमी ऐकतो."

निम्म्या वेळा वाचता वाचताच मला उत्तर सापडे. त्याचंही श्रेय तात्या घेत.

संगणकाला दिलेला प्रत्येक हुकूम ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवत. न चाललेलाही. "चुकीचा रस्ता ठाऊक असला की गाव लवकर घावतं," म्हणत.

मागच्या दसऱ्यानंतर माझा संगणक पाच-पाच मिनिटांत आपोआप बंद पडू लागला. बारामतीचा एक दुकानदार म्हणाला, "ते लिनक्स काढू, सगळं पुसून नवीन टाकू." आत आमच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, आवाजाची एकुलती एक फाइल होती. तात्यांनीच ती आमच्या घरी बसून रेकॉर्ड केली होती. त्यानंतर महिनाभरात आबा गेले. दुसरी प्रत ठेवा, असं तात्यांनी बजावलंही होतं. पण मी शिक्षक. सांगायची सवय, ऐकायची नाही.

तात्या एसटीनं आले. संगणक चालू करून काहीतरी टाइप केलं आणि मागच्या वेळी बंद पडण्याआधी त्यानं नोंदवलेली शेवटची ओळ बोट ठेवून वाचली.

"तापलोय म्हणतोय बिचारा. आन् तुमी त्याला पुसाय निघाला व्हय?"

संगणकाचा डबा उघडला. पंख्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या अडकलेल्या, खाली हळदीचा थर. खंडेनवमीला कोयत्याशेजारी संगणक मांडून हार मीच घातला होता. एरवी मी नास्तिक.

"देवाला झेंडू चालतो गुरुजी, पंख्याला न्हाय," एवढं बोलून त्यांनी चिमट्यानं एकेक पाकळी काढली आणि चहाच्या आधी त्या फाइलच्या दोन प्रती केल्या. एक पेनड्राइव्ह मला दिला, दुसरा स्वतःच्या खिशात टाकला. "तुमचा भरवसा न्हाय."

भरवसा नव्हताच. माझा पेनड्राइव्ह दिवाळीच्या साफसफाईत गेला. या उन्हाळ्यात तात्याही गेले. दहाव्यानंतर त्यांच्या मुलीनं त्यांच्याजवळचा पेनड्राइव्ह आणून दिला, तेव्हा कुठं ती फाइल ऐकायचं मला धैर्य झालं.

रेकॉर्डिंग बारा मिनिटांचं आहे. त्यात आबा सारखं एवढंच विचारतात, "चालू झालं का रं तात्या?" आणि तात्या दर वेळी सांगतात, "थांबा आबा, काय लिहिलंय ते वाचतो."