मामंजींची काचेची हंडी

माशांच्या हंडीत घातलेले हात धोतराला पुसून आमचे मामंजी तसेच भाकरीला बसत. मला शिसारी येई. घाटनांदूरच्या घरात ती हंडी माजघरात, माझ्या चुलीपासून चार हातांवर होती.

हैदराबादेत एका नवाबाच्या देवडीवर ते जमादार होते. तिथं त्यांनी काचेच्या हौदात मासे आणि झाडं पाहिली. नोकरी सुटली, नाद सुटला नाही. येताना मोठी काचेची हंडी आणली, तिच्यात बोटभर मासे सोडले आणि धर्मापुरीच्या अंधाऱ्या बारवेतून काळपट पानांचं एक झाड उपटून आणलं. "ह्याला ऊन लागत न्हाई. लई चिवट जात हाय," असं येईल त्याला सांगत.

ही चिवट जात पंधरा दिवसांत सडायची. मामंजी हाडाचे शेतकरी. झाड म्हटलं की ते काळ्या मातीत खोल गाडायचं, एवढंच त्यांना ठाऊक. मुळं कुजून बुळबुळीत होत, मासे उलटे तरंगत. त्या वासात मला घास गिळवत नसे.

सासऱ्याशी तोंड वर करून बोलायची रीत नव्हती. म्हणून मी मांजराला सांगे, "मने, ही घाण घराबाहेर कधी जायची?" मामंजीही मांजरालाच उत्तर देत, "मने, तिला सांग, आणिक एक डाव. ह्या डावाला सडलं तर हंडी उकिरड्यावर."

मला तेवढंच हवं होतं. नवं झाड आलं तेव्हा मातीची पाटी मी अंगणातच अडवली. "मने, चिखल आत यायचा न्हाई. धोंड्याला बांधा म्हणावं अन् बुडवा." वाटणाच्या फुटक्या पाट्याच्या तुकड्याला गोधडीच्या दोऱ्यानं मीच ते रागारागानं आवळलं. आठ दिवसांत मरेल याची मला खात्री होती.

मेलं नाही. मुळांनी दगड धरला, नवी पानं फुटली. मी कपाळावर हात मारून घेतला. मामंजी मात्र "म्या लावलं" म्हणत गावभर मिरवले. त्याचाही मला संताप आला.

पुढं त्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी नाकाला पदर लावून मी हंडीचं पाणी बदलत होते. मांजर घरात नव्हतं, तरी ते बोलले.

"सूनबाई, झाड तू जगिवलंस. म्या नुस्तं गाडत व्हतो."

मी पदर बाजूला केला आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडं बघून बोलले, "मामंजी, तुमी उठला न्हाईत तर ही हंडी उकिरड्यावर जाईल बगा."

ते हसले, पण उठले नाहीत.

हंडी अजून माजघरातच आहे. किळसही तेवढीच येते. पाणी बदललं की मी दोनदा हात धुते आणि मग भाकरीला बसते.