वाळूच्या टेकाडावरचा पहारा

आमच्या गुरुरावकाकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवणं अगदी सोपं. “तुमचं मराठी किती छान हो,” एवढं कुणी म्हटलं की पुरे. आम्ही म्हैसूरची रंगारी माणसं. पिढ्यान्पिढ्या इथेच राहिलो, घरात निम्मं कानडी मिसळून बोलतो आणि महाराष्ट्रातलं कुणी भेटलं की ओशाळून गप्प बसतो. काका गप्प बसत नाहीत. देवराज मोहल्ल्यातल्या त्यांच्या शिलाईच्या दुकानात पुस्तकी मराठी राखून ठेवलेलं असतं, ते खास अशा गिऱ्हाइकांसाठीच.

मागच्या दिवाळीत पुण्याची एक बाई रेशमी साडीला फॉल लावून घ्यायला आली. काकांचं मराठी ऐकून ती हरखली. काकांनी तिच्यासाठी कॉफी मागवली. राजवाड्याच्या गर्दीला कंटाळलोय, एखादी शांत जागा सांगा ना, असं ती म्हणाली, आणि काकांनी तलकाडच्या अलीकडचं कावेरीचं वळण सांगून टाकलं. रस्ता कुठे सोडायचा, गाडी कुठे लावायची, सगळं. घरी मात्र कुणाला बोलले नाहीत.

ते वळण आमच्या घरांचं. पूर्वी रंगवलेलं कापड तिथे धुवायचे. आता धंदा गेला, छपाईचे लाकडी ठसे तेवढे राहिले. दर माघात ते नदीत धुऊन त्यांना हळदकुंकू लावायचं, आणि त्याआधी बायकांनी मनसोक्त डुंबायचं. तोवर पुरुषांनी काठावरच्या वाळूच्या टेकाडाच्या अलीकडे, नदीकडे पाठ करून बसायचं आणि कुणी आलं तर त्याला परतवायचं. काकांची बायको, गौराकाकू, वर्षभर सरस्वतीपुरमच्या दोन खोल्यांत ब्लाउजांना हुक लावत बसते. त्या पाण्यात ती शाळकरी मुलीसारखी हसते. आम्ही ते हसणं फक्त ऐकलेलं आहे.

यंदाच्या माघात पहाऱ्याला काका आणि त्यांचा पुतण्या, म्हणजे मी, असे दोघं होतो. वाळूत फुटक्या बाटल्या आणि चिप्सची पाकिटं पडली होती. ही घाण करून गेलेल्यांना मी यथेच्छ शिव्या घातल्या. काकांनी एकदाही हो ला हो केलं नाही. तेवढ्यात दोन मिनीबस येऊन थांबल्या आणि खांद्यावर टॉवेल टाकलेली माणसं भराभरा उतरली. काका हात पसरून त्यांना आडवे गेले.

घोळक्यातून तीच पुण्याची बाई पुढे आली आणि चक्क वाकून काकांच्या पाया पडली. मग मागे वळून म्हणाली, “हेच ते काका. ही जागा मला यांनीच सांगितली.”

काकांचे हात खाली आले. माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं. अजूनही परत जा म्हणता आलं असतं. पण तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते दुकानातलं मराठी. “यावे, यावे. प्रवासात त्रास नाही ना झाला? जरा थांबावे, आमच्या घरच्या स्त्रिया स्नान करीत आहेत.”

लाजेनं मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. थांबतंय कोण? पोरं फोन काढून टेकाडावर चढलीसुद्धा. खाली बायकांची एकच धांदल उडाली, आणि हसणं बंद झालं.

गौराकाकू वर आली ती ओल्या साडीवर कोरडी साडी कशीबशी गुंडाळून. पायांना, हातांना वाळू चिकटलेली. टेकाड काही फार उंच नाही, तिनं सगळं ऐकलं होतं. पुण्याची बाई खरोखर कळवळून माफी मागायला लागली. काकू तिला “पर्वागिल्ला, असू दे” म्हणाली आणि काकांकडे वळली.

“यांच्याशी किती मऊ बोलता री तुम्ही,” ती म्हणाली. “मला इतक्या वर्षांत एकदा तरी असं बोललायसा?”

ठसे तसेच कोरडे पिशवीत भरून ती बायकांना घेऊन आमच्या गाडीकडे चालू लागली. काका तिच्या मागे निघाले होते, पण मिनीबसमधल्या लोकांना त्यांच्याबरोबर फोटो हवा होता. काकांना नाही म्हणता आलं नाही.